चिटाचा पडदा आणि जकातीचे कोष्टक

जकातीचे कोष्टक हा व्याख्यानमालेत रंग भरणारा विषय नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. मालाच्या नावांच्या लांबलचक याद्या आणि त्यांपुढे टक्के, याखेरीज त्यात काय असणार? परंतु राज्यकर्त्यांना कोणाचे पोट भरावयाचे आहे आणि कोणाच्या पोटावर पाय द्यावयाचा आहे, हे त्यांच्या भाषणांपेक्षा या याद्यांतच अधिक उघड दिसते. म्हणून आपण एकाच वस्तूचा माग काढू. ती वस्तू म्हणजे घराच्या शोभेसाठी इंग्लंडात गेलेले हिंदुस्थानी चीट.

चीट म्हटले की आपल्यापुढे परकर-पोलक्याचे स्वस्त, फुलाफुलांचे कापड उभे राहते. सतराव्या शतकात मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावर तयार होणारे चीट ही चीज निराळी होती. कोरे सुती कापड आधी हिरड्याच्या काढ्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवीत. मग कारागीर बांबूच्या कलमाने त्यावर लोखंडाच्या पाण्याची रेघ काढी. ती काळी उमटे. जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटीचे पाणी फिरवी आणि सगळे कापड तांबड्या मुळांच्या काढ्यात उकळी. जेथे तुरटीचा हात लागला असेल तेवढ्याच जागी रंग धरावयाचा. निळ्यासाठी उरलेल्या भागावर मेण चढवून कापड निळीच्या पिंपात बुडवावयाचे. मधून मधून धुणे आणि उन्हात घालणे हे होतेच. एवढ्या खटाटोपातून निघालेला रंग कितीही धुतला तरी जात नसे, आणि सुतावर असा पक्का रंग चढविण्याची विद्या त्या काळी युरोपात कोणापाशी नव्हती. सॅम्युएल पेपिस या रोजनिशीकाराने १६६३ मध्ये बायकोच्या नव्या अभ्यासिकेच्या भिंती मढविण्यासाठी असले रंगविलेले कापड विकत घेतले होते. आपल्या ‘चीट’वरून इंग्रजांनी ‘चिंट्झ’ केले आणि कालिकतवरून ‘कॅलिको’. माल गेला तशी नावेही गेली.

प्रथम जकातघरातील कारकुनाला या मालाचा फारसा जाच नव्हता. त्याच्यापुढे १६६०चे दरपुस्तक असे. त्यात मालाची ठरीव किंमत दिलेली असे आणि त्या किमतीवर पौंडास एक शिलिंग, म्हणजे शेकडा ५, घेतले की काम भागे. पुढे मात्र या चिटाने घर व्यापले. पलंगाचे पडदे त्याचे, खुर्च्यांची आच्छादने त्याची, उशा-गिरद्यांचे अभ्रे त्याचे. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचे माग थंडावू लागले. फ्रान्सने १६८६ मध्येच बंदी घातली होती. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७०० मध्ये कायदा केला आणि तो २९ सप्टेंबर १७०१ पासून अमलात आला.

या कायद्याची शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. इराण, चीन व हिंदुस्थान येथे ‘रंगविलेले, चितारलेले, छापलेले वा डाग देऊन नक्षी केलेले’ सुती कापड इंग्लंडात अंगावर घालू नये, घरात वापरू नये. आलेच तर वखारीत कुलपाखाली ठेवावे आणि परदेशी रवाना करावे. पांढरे कापड मात्र शेकडा १५ जकात भरून आत येई. कापूस तोच, साळी तोच, गलबतही तेच. बंदी कापडावर नव्हती, ती कलमावर होती. विणणाऱ्याच्या मजुरीला वाट मोकळी आणि चितारणाऱ्याच्या हुन्नराला दार बंद, अशी ही वर्गवारी होती.

परिणाम व्हायचा तोच झाला. आपले पांढरे कापड लंडनला जाऊन तेथील छापखान्यांत रंगू लागले. हा धंदा बाळसे धरतो आहे हे पाहून सरकारने १७१२ मध्ये छापील कॅलिकोवर चौरस वारामागे ३ पेन्स कर बसविला आणि १७१४ मध्ये तो दुप्पट केला. विणकरांचे एवढ्याने समाधान झाले नाही. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले आणि चिटाचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे त्यांनी भररस्त्यात फाडले. या लोकांची भूक खोटी नव्हती, हेही आपण मान्य केले पाहिजे. पण भुकेचा राग निघाला तो रस्त्यातल्या बायकांवर, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी!

१७२१ मध्ये दुसरा कायदा झाला. त्याने लंडनमध्ये छापलेली कॅलिकोसुद्धा वापरास बंद केली आणि अंगावर घालणाऱ्यास ५ पौंड दंड ठेवला. पलंग, खुर्च्या, पडदे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. मात्र अपवादांची शेपटी लांब होती. मलमल सुटली, गळपट्टे सुटले, संपूर्ण निळ्या रंगात बुडविलेली कॅलिको सुटली, आणि फस्टियन सुटले. निळ्यावर एक पांढरे फूल उमटले की गुन्हा, नुसते निळे असले की सभ्य व्यवहार! जकातीच्या कारकुनाने रोज गाठोडी उलगडताना काय भोगले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यातला ‘फस्टियन’ हा शब्द पुढे फार मोलाचा ठरला. लिननचा ताणा आणि सुती बाणा असे ते मिश्र कापड. १७३६ मध्ये त्याच्या छपाईला खास कायद्याने मोकळीक मिळाली. मँचेस्टरचा सुती धंदा या नावाच्या आडोशाला वाढला. पुढे आर्कराइटच्या यंत्रावर ताण्याला पुरेल इतके मजबूत सूत निघू लागले आणि शुद्ध सुती कापड तेथेच होऊ लागले, तेव्हा ते १७२१च्या बंदीत सापडेना का? सापडले. मग १७७४ मध्ये कायदाच बदलला. ब्रिटनमध्ये विणलेल्या शुद्ध सुती कापडाची छपाई वारामागे ३ पेन्स कर भरून कायदेशीर झाली. ते ओळखू यावे म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे विणण्याची सक्ती झाली. निळ्या धाग्यांचे चीट कायदेशीर. बिनधाग्याचे, आपल्याकडून आलेले, पूर्वीप्रमाणेच बंद.

दुसऱ्याच वर्षी एक गमतीदार प्रकरण घडले. डेव्हिड गॅरिक हा त्या काळचा इंग्लंडातला सर्वांत नावाजलेला नट. कलकत्त्याच्या इंग्रजांना नाटकघर उभारण्यात त्याने साहाय्य केले होते. त्यांनी कृतज्ञतेने मच्छलीपट्टणच्या चिटाचे पलंगाचे पडदे धाडले. १७७५ मध्ये जकातखात्याने ते जप्त केले. गॅरिकने खजिन्यातल्या आपल्या मित्राला गयावया करणारे पत्र लिहिले. पत्नीने त्या पडद्यांना साजेसे भिंतीचे कागद आणि खुर्च्या आधीच सिद्ध करून ठेवल्या होत्या, अशी त्यात तक्रार होती. बड्या माणसाच्या पलंगाची ही कथा इंग्रजी पुस्तकांत कौतुकाने सांगतात. ज्या हातांनी ते पडदे चितारले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, की यंत्राने हाताला हरविले. ते अर्धेच खरे आहे. आर्कराइटचे यंत्र १७६९ चे. चितारलेल्या कापडावरची बंदी त्याआधी ६८ वर्षांची. तेवढ्या अवधीत युरोपातल्या छपाईवाल्यांनी आपली रंगाची विद्या हळूहळू हस्तगत केली. हिंदुस्थानचा कापडव्यापार १७०१ मध्ये बुडाला, असेही कोणी समजू नये. पांढरा माल जातच राहिला आणि वखारीत अडकलेले रंगीत कापड इतर देशांना निर्यात होत राहिले. पण इंग्लंडच्या घरातली जागा गेली ती कोष्टकातल्या चार शब्दांनी.

पुढची हकीकत आकड्यांत आटोपते. रमेशचंद्र दत्तांनी आपल्या आर्थिक इतिहासात इंग्लंडच्या जकातीचे एक कोष्टक दिले आहे. १८१२ मध्ये कॅलिकोवर शेकडा ७१ ⅔, वेताच्या शोभेच्या कामावर ७१, लाखकामावर ७१, चटयांवर ६८ ⅓. १८२४ मध्ये लाखकामावर ६२ ½, कॅलिकोवर ६७ ½. मग १८३२ मध्ये कॅलिकोवर एकदम १०! औदार्य केव्हा सुचले ते पाहावे. तोपर्यंत मँचेस्टरचे कापड आपल्या बाजारात येऊन बसले होते. १८४० मध्ये ब्रिटिश सुती माल आपल्या बंदरात शेकडा ३ ½ देऊन उतरे आणि आपला तिकडे १० देऊन.

आज बहुतेक सर्व देश, आपला देशही, एकाच जागतिक वर्गवारीने जकात आकारतात. १९८८ पासून ती लागू आहे. तिच्यात हाताने काढलेल्या चित्रांचा एक मथळा आहे, पण त्यातून हाताने रंगविलेल्या वापराच्या वस्तू स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे कलमाने चितारलेला पडदा हे चित्र नव्हे, पडदाच. गॅरिकचा पलंग आणि ते पडदे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते आज एखाद्या बंदरात उतरले, तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या मथळ्याखाली जातील. २०२२ पासून त्या मथळ्यात अडीचशे वर्षांपलीकडच्या वस्तूंना वेगळी ओळ दिली आहे, आणि त्या पडद्यांचे वय ती मर्यादा नुकतेच ओलांडून गेले आहे.