कॅन्सरवर औषध आहे, तरी मुलं का दगावतात? बालकॅन्सरचे डॉक्टर 'ग्लोबल हेल्थ' शिकायला का जातात?

लहान मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात? इंटर्नशिपसकट एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग बालरोगशास्त्रात एमडीची तीन आणि त्यानंतर पीडियाट्रिक ऑन्कॉलॉजीत डीएमची आणखी तीन. एकूण साडेअकरा वर्षं, तीही प्रत्येक टप्प्यावर पहिल्या फटक्यात प्रवेश मिळाला तर.

एवढं शिकूनही यातले काही डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होतात. विषय निवडतात 'ग्लोबल हेल्थ', म्हणजे जागतिक आरोग्य. नाव ऐकून वाटतं, परदेशात स्थायिक व्हायची तयारी असेल. पण या अभ्यासातला खरा प्रश्न जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यासारख्या गावाचा आहे.

८० आणि ३० मधलं अंतर

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी ० ते १९ वयोगटातल्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे.

आजार तोच आणि बरीचशी औषधंही तीच, जुनी आणि पेटंट संपलेली. मग फरक कुठे पडतो? उशिरा निदान, चुकीचं निदान, औषधांचा तुटवडा, जंतुसंसर्ग आणि अर्धवट सुटलेले उपचार, ही त्याची मोठी कारणं आहेत.

केदारखेडा ते परळ

समजा, भोकरदन तालुक्यातल्या या गावातल्या एखाद्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे 'ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया'. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथून पुढे पाठवलं, तर मुंबईतल्या परळचं टाटा मेमोरियल, म्हणजे जालन्याहून सुमारे ४०० किलोमीटर.

उपचार फुकट झाले तरी गाडीभाडं, मुंबईतला मुक्काम आणि बुडालेली मजुरी राहतेच. कापूस वेचणीला आलेला असतो, घरी दुसरं लेकरू असतं. त्यात आणखी एक गोष्ट घडते. पहिल्या महिनाभराच्या उपचारांनंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. पोरगं खायला-खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं, झालं बरं. पण लपलेल्या पेशी शिल्लक असतात. इथे औषध थांबलं, तर आजार उलटतो आणि दुसऱ्यांदा तो आटोक्यात आणणं फार अवघड जातं.

याला डॉक्टरी भाषेत 'ट्रीटमेंट अबँडनमेंट' म्हणतात. सलग चार किंवा जास्त आठवडे उपचार चुकले, तर ते सोडले असं धरलं जातं.

रेसिफेने काय केलं?

यावर उपाय सापडलाय का? तर हो. ब्राझीलच्या गरीब ईशान्य भागात रेसिफे नावाचं शहर आहे. तिथल्या रुग्णालयाने अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाशी हातमिळवणी केली. सुधारित उपचारपद्धती आणि प्रशिक्षित नर्स तर आणल्याच, पण सोबत कुटुंबांच्या राहण्याची, जेवणाची, प्रवासाची सोय केली आणि समाजसेवक नेमले.

१९८० च्या दशकात तिथे या ल्युकेमियाची ३२ टक्के मुलं आजार न उलटता पाच वर्षं पार करायची. १९९७ ते २००२ या काळात ती ६३ टक्के झाली. उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं.

मग कोर्समध्ये शिकवतात काय?

नेमकं हेच. रुग्णांची नोंदणी कशी ठेवायची, मुलं कुठल्या टप्प्यावर गळतात हे आकड्यांतून कसं शोधायचं, औषधांचा साठा आणि खर्च कसा बसवायचा, सरकारसमोर मागणी कशी मांडायची. सेंट ज्यूडने २०१९ मध्ये 'ग्लोबल चाइल्ड हेल्थ' या विषयात पदव्युत्तर पदवी सुरू केली. मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे 'टिस'मध्ये, सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेता येते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये ध्येय ठरवलं : २०३० पर्यंत जगभरात कॅन्सर झालेली किमान ६० टक्के मुलं जगली पाहिजेत.

महाराष्ट्रात काय सुरू आहे?

टाटा मेमोरियलमध्ये या विचाराची पाळंमुळं जुनी आहेत. बऱ्या झालेल्या मुलांवर पुढेही लक्ष ठेवणारं 'ॲक्ट क्लिनिक' तिथे १९९१ मध्ये सुरू झालं. डॉ. पूर्णा कुरकुरे यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. मुलांच्या उपचारांचा खर्च, मुक्काम, पोषण आणि पाठपुरावा यासाठी 'इम्पॅक्ट' ही संस्था काम करते. २००६ पासून 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देतात.

तुमच्या कामाची माहिती

ही लक्षणं अंगावर काढू नका : न उतरणारा ताप, फिकटपणा, कारण नसताना अंगावर निळे-काळे डाग किंवा रक्तस्राव, हाडं दुखणं, पोटात किंवा मानेत गाठ, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत मुलाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. यातली बरीच लक्षणं साध्या आजारातही असतात, पण तपासून घ्यायला उशीर नको.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका व्यक्तीलाही सवलत असते. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र रुग्णालयातूनच मिळतं.

आणि ओळखीत कुणाच्या मुलाचे उपचार सुरू असतील, तर एवढंच सांगा : पोरगं ठणठणीत दिसलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या बंद करायच्या नाहीत. पैशांची किंवा राहण्याची अडचण आली, तर गावी परतण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटायचं. ते याच कामासाठी तिथे बसलेले असतात.