झिजण्याची सोय : जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या इंजिनांचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, हे ट्रॅक्टरचं काय काढलंत मध्येच?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आत्ताच दिलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून ते थोडं पुढे ठेवतो. आधी वस्तू काय आहे ते बघू.

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे उसाची ट्रॉली ओढणारं मोठं धूड येतं. अमेरिकेत 'गार्डन ट्रॅक्टर' नावाचा एक वेगळाच प्रकार आहे. उंचीला आपल्या कमरेएवढा, साधारण सात ते सोळा-अठरा अश्वशक्तीचा, वर एक माणूस बसेल असा. घराभोवती एक-दोन एकर जागा असलेल्या माणसाने त्यावर गवत कापावं, भाजीच्या वाफ्यात नांगर चालवावा आणि हिवाळ्यात पुढे पातं लावून दारातला बर्फ लोटावा, अशी कल्पना. नुसतं गवत कापणारं यंत्र वेगळं. गार्डन ट्रॅक्टरची चौकट जाड, गिअरबॉक्स भक्कम, कारण त्याला जमीन ओढायची असते.

याची सुरुवात एका फोटोग्राफरपासून होते. वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबार गावी बेंजामिन ग्रेव्हली नावाचे गृहस्थ होते, फोटो काढायचा धंदा आणि बागेचा नाद. हाताने ढकलायच्या नांगराला त्यांनी मोटरसायकलचं इंजिन बसवलं आणि 1916 साली त्या यंत्राचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे त्या मोटरसायकलचं नाव होतं 'इंडियन'. आपला त्यात काही वाटा नाही, नावापुरतेच आपण. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. या यंत्राचा जन्मच जोडाजोडीतून झालेला आहे. एका कामासाठी बनवलेली वस्तू उचलून दुसऱ्या कामाला लावणाऱ्या माणसाने ते केलं.

खरा काळ आला दुसऱ्या महायुद्धानंतर. सैनिक परत आले, सरकारच्या मदतीने घरं घेतली गेली, शहरांबाहेर वस्त्या पसरल्या. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथे एल्मर पाँड यांनी 1946 मध्ये छोटे ट्रॅक्टर बनवायला घेतले. पुढे त्यांच्या मुलांनी 'व्हील हॉर्स' हे नाव मोठं केलं. शेतीच्या ट्रॅक्टरमधली बडी कंपनी इंटरनॅशनल हार्वेस्टर 1961च्या सुमारास 'कब कॅडेट' घेऊन आली. तिच्या 'फार्मॉल कब' या शेतातल्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यातल्या गिअरची घडण या बागेतल्या ट्रॅक्टरमध्ये उतरली. 1963 मध्ये जॉन डिअरने आपला '110' बाजारात आणला. पहिल्या कब कॅडेटला आणि पहिल्या 110ला, दोघांनाही इंजिन होतं कोहलर कंपनीचं, एका सिलिंडरचं, सात अश्वशक्तीचं.

कोहलर हे नाव तुम्ही बाथरूमच्या दुकानात वाचलं असेल. तीच ही कंपनी. विस्कॉन्सिनमध्ये 1873 साली सुरू झाली, बिडाच्या वस्तू ओतायची. बिडावर इनॅमल चढवून बाथटब करण्यात तिने नाव मिळवलं. 1920 मध्ये तिने वीज नसलेल्या घरांसाठी इंजिनावर चालणारा जनरेटर आणला आणि 1950च्या दशकात 'के' मालिकेची छोटी पेट्रोल इंजिनं. बीड ओतण्याची विद्या घरचीच होती, त्यामुळे इंजिनाचा ठोकळाही बिडाचा. जड, बोजड. पण आजच्या सगळ्या कथेचा नायक तोच आहे.

आता मुद्द्यावर येतो. साठ वर्षांपूर्वीची ही इंजिनं आजही हजारोंनी चालतात. का चालतात? लोक म्हणतात, "जुनं ते सोनं, तेव्हाचा माल मजबूत होता." मला हे उत्तर अपुरं वाटतं. मजबूत वस्तूही झिजते. इंजिनाच्या पोटात मिनिटाला छत्तीसशेपर्यंत फेरे होतात. तिथे न झिजणारं असं काही नसतंच. या इंजिनांची खुबी अशी, की आपण झिजणार हे त्यांनी आधीच कबूल केलेलं आहे, आणि झीज कुठे व्हावी, किती झाली हे कसं मोजावं, मग काय करावं, याची सोय घडणीतच करून ठेवली आहे.

उदाहरण देतो. के-241 हे दहा अश्वशक्तीचं इंजिन घ्या. सिलिंडर झिजून मोठा झाला तर ठोकळा फेकायचा नाही. बोअर मारायचा. दहा थाऊ, वीस थाऊ, तीस थाऊ मोठे पिस्टन कंपनीनेच ठेवलेले. म्हणजे एकाच ठोकळ्याला मूळच्या आयुष्यापुढे आणखी तीन आयुष्यं, लेथवर काम करणाऱ्यांच्या भाषेत मोजून दिलेली. व्हॉल्व्ह बसले तर लॅप करा. टॅपेटला फिरवायचा स्क्रू आहे, त्याने फट जुळवा. कार्बोरेटरवर दोन सुया बाहेरून फिरवता येतात, एक मंद चालीसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. आणि इग्निशनचे पॉइंट! त्या काळच्या कितीतरी छोट्या इंजिनांत पॉइंट फ्लायव्हीलच्या खाली दडलेले असत, तिथे पोचायला पुलर लागे. इथे कॅमशाफ्टवरून एक बारीक दांडी बाहेर येते आणि पॉइंट बाहेरच्या छोट्या डबीत. डबीचं झाकण काढा, फिलर गेज घाला, वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर फट ठेवा, झाकण लावा. झालं.

पॉइंट म्हटल्यावर इथल्या पिकल्या केसांच्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू आलेलं दिसतंय. स्कूटर आठवली ना? सकाळी ऑफिसच्या घाईत ती तिरकी करून सरळ करायची, किक मारायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. तीच विद्या. इंजिन वेगळं, दोन स्ट्रोकचं, पण ठिणगीची फट तीच आणि वैतागही तोच.

आता एक अनुभव सांगतो, कारण माझं उत्तर त्यात आहे. काही वर्षांपूर्वी मुलाकडे इलिनॉयला होतो. त्याने घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाचा एक 'कब कॅडेट 100' शेडमध्ये तसाच पडलेला होता, हेच दहा अश्वशक्तीचं इंजिन. रिकामा वेळ भरपूर. पेट्रोल बदललं, बॅटरी लावली, तो फिरतो पण पेटत नाही. कार्बोरेटर चिकट, मळका दिसत होता. मी तो उघडला. दोन दिवस धूत बसलो, पॅकिंग बदललं, सुया पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठेवल्या. तरी ढिम्म.

शेजारी एक आजोबा राहत, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. ते आले आणि त्यांनी एकाही नटाला हात न लावता मला विचारलं, "प्लग ओला आहे का?" मी पाहिलाच नव्हता. काढला, तर ओला. ते म्हणाले, "मग पेट्रोल पोचतंय. तू दोन दिवस निर्दोष माणसाची चौकशी करतो आहेस." पुढे त्यांनी फ्लायव्हील हाताने उलटं फिरवलं. ते आतल्या हवेच्या दाबाने झटक्यात परत आलं. का उलटं? या इंजिनात चालू होताना दाब थोडा सोडून देणारी युक्ती कॅमवर असते, त्यामुळे सुलटं फिरवून दाब नीट कळत नाही. म्हणजे कॉम्प्रेशन ठीक. मग प्लग वायरला लावून, सिलिंडरच्या भोकापासून लांब, धातूला टेकवून स्टार्टर मारला. ठिणगी नाही. पॉइंटची डबी उघडली. पॉइंटवर नुसतं पांढरट किटण. ते साफ केलं, गेज घातलं, झाकण लावलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. एकूण वेळ वीस मिनिटं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी चाळीस वर्षं न्यायशास्त्र शिकवलं. डोंगरावर धूर, म्हणून अग्नी. एक असताना दुसरं असतं, एक नसताना दुसरं नसतं, यावरून कारण ठरवायचं, हा अन्वय-व्यतिरेक मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी जे मळकं दिसलं त्याला गुन्हेगार ठरवून मोकळा झालो. न्यायशास्त्राचं नावही न ऐकलेल्या त्या गृहस्थांनी इंधन, दाब, ठिणगी अशी एकेक शक्यता काही न उघडता बाजूला काढली. आपण ज्ञान म्हणजे पुस्तकात असतं ते, आणि दुरुस्ती म्हणजे हाताचं काम, अशी वाटणी करून बसलो आहोत. आपल्या समाजात त्या वाटणीला जातीचीही जोड आहे, हे तुम्हाला सांगायला नको. दुरुस्ती हा विचारच आहे, फक्त चूक लगेच उघडी पडते असा विचार. विषय का निवडला, त्याचं हे उत्तर.

मग हे बदललं कसं? कोणा एका खलनायकाने नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही मिलवॉकीची कंपनी, 1908ची. तिने 1953 मध्ये अॅल्युमिनियमचं हलकं इंजिन आणलं. वजन कमी झालं, किंमत कमी झाली, साध्या नोकरदारालाही गवत कापायचं यंत्र परवडू लागलं. हे वाईट कसं म्हणू? 1982 मध्ये त्याच कंपनीने पॉइंट काढून टाकून इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. ते कमी बिघडतं, हे खरंच आहे. 1997 पासून तिथल्या पर्यावरण खात्याचे नियम नव्या छोट्या इंजिनांना लागू झाले, आणि कार्बोरेटरच्या बाहेरून फिरणाऱ्या सुया गेल्या किंवा बांधल्या गेल्या. त्यालाही कारण होतं. जुनं इंजिन धूर ओकतं. शिवाय चालक सीटवरून उठला तर इंजिन आपोआप बंद पडावं, अशी सोय पहिल्या अनेक ट्रॅक्टरांत नव्हती. आपल्या आठवणी गोड असल्या तरी हे विसरू नये.

पण प्रत्येक सुधारणेबरोबर एक झाकण कायमचं बंद होत गेलं. पॉइंट बिघडायचे, पण दिसायचे. बंद डबीतलं मॉड्यूल क्वचित बिघडतं, पण बिघडलं की त्याला विचारता काही येत नाही, फक्त बदलता येतं. जुन्या सर्व्हिस पुस्तकात वाचकाला आकडे दिलेले असत: फट इतकी, झीज इतकी चालेल, त्यापुढे बोअर मारा. म्हणजे लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की वाचणारा मोजू शकतो, ठरवू शकतो. आजच्या पुस्तकात बरीच पानं 'हे करू नका' आणि 'अधिकृत केंद्रात न्या' यात जातात. हा फरक यंत्रापुरता नाही. समोरच्या माणसाला आपण काय समजतो, याचा तो फरक आहे.

आज ही इंजिनं सांभाळणाऱ्यांपुढे नव्याच अडचणी आहेत. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, आणि हंगाम संपल्यावर टाकी तशीच ठेवली तर कार्बोरेटरमध्ये गंज आणि चिकटा धरतो. म्हणून जाणकार हिवाळ्यापूर्वी कार्बोरेटर कोरडा करतात. या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तेल उडवते, म्हणून पातळी जरा घसरली तरी रॉड जातो. दर वेळी चालू करण्याआधी तेल बघणं हा तिथे नित्यनेम आहे. आणि सुटे भाग? एक ट्रॅक्टर मोडून त्यातून तीन चालते ठेवायचे, असा हिशेब.

इथे मला मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद आठवतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? कोणताही एक भाग रथ नाही, आणि भागांवेगळा रथही कुठे नाही. मुलाच्या शेडमधल्या त्या ट्रॅक्टरचा हुड एका यंत्रातला, स्टार्टर दुसऱ्यातला, पॉइंट नवे, पुढे कधीतरी पिस्टनही वीस थाऊ मोठा येईल. मग तो 1960च्या दशकातलाच ट्रॅक्टर कसा? माझं उत्तर असं, की त्याला कोणीतरी सतत तोच मानून सांभाळत आलं, म्हणून तो तोच आहे. ते थांबलं की उरतं भंगार, मग सगळे भाग अस्सल असले तरी.

ते शेजारी आता नाहीत. जाण्याआधी त्यांनी माझ्या बारा वर्षांच्या नातीला फिलर गेज कसं धरायचं ते शिकवलं. पाती फटीत घट्ट बसता कामा नये, सैलही फिरता कामा नये, किंचित अडत सरकली पाहिजे. "किंचित म्हणजे किती?" तिने विचारलं. त्यांनी तिच्या हातात गेज दिलं आणि तिचा हात धरून ते एकदा सरकवलं.

हे शेवटचं मला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.