प्रवाशाचा दाखला आणि दूरचा वैद्य

प्रवासापूर्वी दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची आजची सोय दोन निरनिराळ्या परंपरांच्या संगमातून निर्माण झाली असून, त्यांतील जुनी परंपरा प्रवाशाच्या हितासाठी नव्हे, तर प्रवाशापासून बंदराचे रक्षण व्हावे म्हणून सुरू झाली होती. 1377 साली एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा (आजचे दुब्रोव्निक) या नगरराज्याने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबविण्याचा नियम केला आणि पुढील पाच शतके प्रवासी हा प्रामुख्याने संशयाचाच विषय राहिला.

या संशयाचा सर्वाधिक भार हज यात्रेकरूंना सोसावा लागला. 1865 साली मक्केत पटकीची (कॉलऱ्याची) भीषण साथ उसळून ती इजिप्तमार्गे युरोपात पोचल्यावर 1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्थानातून निघणाऱ्या यात्रेकरूंची जहाजे तिच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आली. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले, तेव्हा हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला. 1897 च्या व्हेनिस परिषदेच्या सुमारास मुंबईहून निघणारी हज यात्रा थांबविण्यात आली आणि त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याने रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून तपासण्याचा अधिकार सरकारला दिला. ही तपासणी किती अपमानास्पद वाटत असे, हे त्या काळातील लोकक्षोभावरून दिसते. मात्र त्याच मुंबईत, 10 जानेवारी 1897 रोजी, वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती, आणि रोगप्रतिबंधाचा भार अडवणुकीवरून प्रवाशाच्या शरीरातील प्रतिकारशक्तीवर नेण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली.

विमानप्रवासाने त्या शक्यतेला निकड आणली, कारण जहाजावरील आठवड्यांत उघडकीस येणारा रोग विमानातून काही तासांत, लक्षणे दिसण्यापूर्वीच, दुसऱ्या खंडात पोचू लागला. मॅक्स थायलर यांच्या संशोधनातून 1937 साली पीतज्वराची (डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणुजन्य तापाची) 17डी ही लस सिद्ध झाली. 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियम स्वीकारले आणि लसीकरणाचा दाखला पारपत्राचा सोबती झाला. मुक्कामी कोणते पाणी प्यावे, हिवतापाची गोळी केव्हा सुरू करावी, हे मात्र दाखला सांगत नव्हता. ही उणीव भरून काढणारी प्रवासवैद्यक ही शाखा बरीच उशिरा आकाराला आली. 1988 साली झुरिक येथे तिची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि 1991 मध्ये तिची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

दुसरी परंपरा, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याची, ती मात्र प्रवाशांच्याच गरजेतून वाढली, ही बाब विशेष लक्षणीय आहे. 1935 साली ग्विदो ग्विदा यांनी रोममध्ये असे केंद्र स्थापन केले की ज्यातून डॉक्टर नसलेल्या जहाजांना बिनतारी संदेशाने मोफत सल्ला मिळू लागला. विमानतळावरही पुढे असाच प्रयोग झाला. बॉस्टनच्या लोगन विमानतळावरील दवाखान्यात परिचारिका अहोरात्र असे, पण डॉक्टर काही तासच उपलब्ध असत. तेव्हा मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे डॉ. केनेथ बर्ड यांनी 1968 मध्ये सुमारे चार किलोमीटरवरील हा दवाखाना सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने दूरचित्रवाणीने रुग्णालयाशी जोडला. रुग्ण विमानतळावर, परिचारिका त्याच्याजवळ आणि डॉक्टर रुग्णालयातील पडद्यासमोर, अशी ही रचना होती. हृदयाचे ठोके विद्युत स्टेथोस्कोपमधून ऐकले जात. पुढे बर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार रुग्णांच्या अनुभवावरून या पद्धतीची व्यवहार्यता तपासली आणि दूरवैद्यकाला केवळ कल्पनेच्या पातळीवरून प्रत्यक्ष व्यवहारात आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

भारतात कायदेशीर चौकट तयार झाली ती 25 मार्च 2020 रोजी, महासाथीच्या टाळेबंदीत, जेव्हा दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि नोंदणीकृत डॉक्टरांना दूरध्वनी, चित्रसंवाद किंवा लेखी संदेशाद्वारे सल्ला देण्याची रीतसर मुभा मिळाली. प्रवासापूर्वीच्या सल्ल्यासाठी हे माध्यम फार सोयीचे ठरते, कारण त्यात बहुधा नाडी पाहण्यापेक्षा प्रवासाचा मार्ग, ऋतू, मुक्कामाचा काळ, जुने आजार व चालू औषधे यांची बारकाईने विचारपूस करणेच अधिक मोलाचे असते. तालुक्याच्या गावी राहून आफ्रिकेत नोकरीला निघालेल्या तरुणाला अशी विचारपूस करणारा तज्ज्ञ जवळपास मिळणे कठीण असते, आणि त्याच्यासाठी ही सोय खरोखर न्याय्य आहे. जुनी परंपरा मात्र येथे दूरवैद्यकाला वाट देत नाही. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रात प्रत्यक्ष जाऊनच टोचून घ्यावी लागते. तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि 11 जुलै 2016 पासून तो आजन्म ग्राह्य धरला जातो. पीतज्वराच्या प्रदेशातून दाखल्याविना भारतात येणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याची तरतूद आजही आहे. शिवाय 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे भारताच्या हद्दीबाहेरील सल्लामसलतीला लागू होत नाहीत. त्यामुळे परदेशात पोचल्यावर ताप आला, तर निघण्यापूर्वी सल्ला देणाऱ्या त्याच डॉक्टरांशी त्या चौकटीत राहून संपर्क साधणे प्रवाशाला अजून शक्य झालेले नाही.