ऑस्टिओपॅथी आणि कष्टकऱ्यांची पाठदुखी
स्नायू व सांधे हातांनी दाबून, ताणून, हलवून वेदना कमी करण्याची ही पद्धती अमेरिकेत अँड्रू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडली. शहापूर तालुक्यातील कसारा परिसरात हाडवैद्याचा हात ओळखीचा असल्याने ती परकी वाटू नये. पण तिची मर्यादाही इथेच स्पष्ट दिसते. दिवसभर वाकून भातलावणी करायची आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहायचे, तेही मुंबईची तहान भागवणारी तानसा व भातसा धरणे असलेल्या याच तालुक्यात! कारण कायम राहिले, तर दुखणे परतणारच.

‘चोळल्यावर बरे वाटते, मग पुरावा कशाला?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआपही ओसरते, म्हणून तुलना आवश्यक ठरते. फ्रान्समधील ४०० रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या व दिखाऊ उपचारांतला फरक अल्पच निघाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका हस्तोपचाराला व्यायामाच्या जोडीनेच मान्यता देते, आणि तेच रास्त आहे. पाय बधिर होणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे दिसल्यास मात्र पाठीला हात लावू न देता तातडीने रुग्णालय गाठावे. मणक्याचा क्षयही कंबरदुखीच्या रूपाने सुरू होतो.