खोडदची शिडी: लहरीचे आकडे कसे झाले

मित्रहो, तत्त्वज्ञानाचा मास्तर कन्व्हर्टरवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण अखंड वस्तू तुकड्यांत मोजता येते का, हा प्रश्न आमचाच, थेट झेनोपासूनचा.

आपल्या संभाजीनगरहून नगर, आळेफाटा करत नारायणगावला गेलं की जवळच खोडद लागतं. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. अँटेनातली लहर फायबरमधून मधल्या इमारतीत येते आणि तिथे तिचे आकडे होतात.

कसे होतात? कामं दोन. पहिलं, ठरावीक क्षणांना लहरीची उंची मोजायची. पट्टा जेवढा रुंद, त्याच्या किमान दुप्पट वेगानं मोजलं, तर दोन क्षणांमधलं काहीच हरवत नाही. नायक्विस्ट आणि शॅनन यांचा हा सिद्धांत. दुसरं, ती उंची जवळच्या पायरीवर बसवायची. इथे मात्र हरवतं, आणि गेलेलं परत मिळत नाही.

कल्पना मूळची टेलिफोनची. १९३८ साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ॲलेक रीव्ह्ज यांनी पेटंट मागितलं. लांबच्या तारेत बोलण्याबरोबर खरखरही वाढत जायची. आकडे पाठवले तर ते प्रत्येक टप्प्यावर नव्यानं स्वच्छ लिहिता येतात. व्हॉल्व्हच्या काळात हे परवडेना. १९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीची टी-१ यंत्रणा आली: एका आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने.

आता खोडद. पूर्वी तिथे ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा होता, सुधारणेनंतर ४०० झाला. म्हणजे सेकंदाला ८० कोटी नमुने. प्रत्येक अँटेनाचे दोन सिग्नल, एकूण ६०. करा गुणाकार: सेकंदाला ४,८०० कोटी मोजमापं! कन्व्हर्टर आठ बिटचा, म्हणजे शिडीला २५६ पायऱ्या.

इतक्या कशाला? १९६३ मध्ये सँडर वाइनरेब यांनी एकाच बिटचं यंत्र वापरलं. लहर शून्याच्या वर की खाली, एवढंच. तरी संवेदनशीलता सुमारे ६४ टक्के उरते. त्याच यंत्रानं अंतराळातलं हायड्रॉक्सिल सापडलं. आकाशाचा सिग्नल मुळात खरखरीसारखाच. पुष्कळ वेळ सरासरी घेतली की बारकावे वर येतात.

मग बाकीच्या पायऱ्या कोणासाठी? बऱ्याचशा आपल्यासाठी! मोबाइल, टीव्ही, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या. हे सारं आकाशाच्या सिग्नलपेक्षा प्रचंड मोठं. ते शिडीच्या टोकाला आदळलं की त्या क्षणाची ताऱ्याची नोंदही बिघडते. म्हणून वर जागा राखायची. गंमत बघा, मोबाइलच्या टॉवरमध्येही असेच वेगवान कन्व्हर्टर असतात. एकाच शोधाची दोन लेकरं, एक बोलतं आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही.

आकाशासाठी एक-दोन बिट पुष्कळ. उरलेले आपल्या कलकलाटाची किंमत आहेत. बिट वाढवता येतील, पण टोकाला आदळून गेलेला क्षण कुठलाही कन्व्हर्टर परत आणणार नाही. खोडदची जागा निवडली ती तिथल्या शांततेसाठी. ती राखणं हे यंत्राचं काम नव्हे, आपलं आहे.

हं, विचारा आता प्रश्न.