सर्पगंधा आणि रक्तदाबाचे मोजमाप

विसाव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगडच्या सालवनांत आढळणाऱ्या सर्पगंधेच्या मुळीने जगाच्या औषधशास्त्राला नवी दिशा दिली, आणि त्या घडामोडीतला निर्णायक टप्पा मुंबईत पार पडला.

सर्पगंधा हे हातभर उंचीचे झुडूप असून त्याची फुले पांढरी, फुलांचे देठ लालसर आणि पिकलेली फळे काळसर जांभळी असतात. औषधी असते ते मूळ: वाकडेतिकडे, सुरकुतलेले, फिकट तपकिरी सालीचे आणि जिभेवर ठेवताच जहर कडू लागणारे. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता यांनी 1563 च्या ग्रंथात सर्पदंशावरील ज्या मुळ्यांचे वर्णन केले, त्यांतील एक सर्पगंधाच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. बिहारात ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जात असे. कीर्तिकर आणि बसू यांच्या 1918 सालच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील बृहद्ग्रंथातही तिची नोंद आहे.

सर्पगंधेची मुळी उच्च रक्तदाब उतरवते, आणि रक्तदाबावरचे हे औषध प्राचीन वैद्यांना ठाऊकच होते, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. मात्र इतिहास तसा नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रिव्हा-रोच्ची यांची पद्धत 1896 ची, आणि स्टेथोस्कोपने ध्वनी ऐकून दाबाचे दोन आकडे ठरवण्याची कोरोत्कोव्ह यांची रीत 1905 ची. ज्या विकाराचे मोजमापच नव्हते, त्यावरचा उपाय म्हणून मुळीची पारख होणे शक्य नव्हते. परंपरेने दिली ती मुळी, आणि ती माणसाला शांत करते हे निरीक्षण. ही देणगी मोठीच होती. मात्र रक्तदाबाचा प्रश्न विसाव्या शतकाने विचारला.

1931 साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व उच्च रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधा उपयोगी पडत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी मुळीतून अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी नत्रयुक्त आणि अल्प मात्रेतही प्रभावी द्रव्ये, वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. तरीही हे काम भारताबाहेर फारसे पोचले नाही. ते पोचवले मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी. त्यांचा निबंध 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मुळीच्या गोळ्या देऊन, उपचारापूर्वीचे आणि नंतरचे आकडे पद्धतशीर नोंदवून त्यांनी निष्कर्ष मांडला. पाश्चात्त्य डॉक्टरांना पटली ती मुळीची कीर्ती नव्हे, हे आकडे पटले. 1957 चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील होते.

यानंतर 1952 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतील मुख्य द्रव्य, रेसरपीन, शुद्ध स्वरूपात मिळवले. नसांच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलिनसारखी संदेशवाहक रसायने सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपीन ही साठवण रोखते, साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. हाच परिणाम मेंदूतही होत असल्याने काही रुग्णांना खिन्नता ग्रासू लागली, आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसरपीन मागे पडले. पण त्याची उपयुक्तता तेथे संपली नाही. रेसरपीनने निपचित पडलेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पाया त्यातून घातला गेला आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळाले.

या यशाची किंमत जंगलाने मोजली, आणि तिचा उल्लेख शोधनिबंधांत क्वचितच सापडतो. मूळ खणले की झाड मरते. बियांची उगवण कमी. लागवड केली तरी मूळ काढणीयोग्य व्हायला दीड वर्ष किंवा अधिक काळ लागतो. मागणी वाढताच जंगलांतून बेसुमार खणती झाली, भारताला कच्च्या मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, आणि परदेशी कारखाने रेसरपीनचे प्रमाण अधिक असलेल्या आफ्रिकी जातीकडे, राउव्होल्फिया व्हॉमिटोरियाकडे, वळले. 1990 पासून सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याने नियंत्रित होतो.