मुलांना कुठल्या शाळेत घालायचं? नगरच्या अमेरिकन घरांतला जुना पेच

मागच्या भागानंतर दुबईहून एका श्रोत्याचा मेल आला. मूळचे पारनेरकडचे, मुलगी पाचवीत जाणार. विचारतात, तिला तिथल्या ब्रिटिश शाळेत घालू, आयबीच्या शाळेत घालू, की सीबीएसईच्या? आणि दोन वर्षांनी नगरला परतावं लागलं तर काय? शेवटी लिहिलंय, "तुमचा विषय इतिहास आहे हे माहीत आहे, पण सहज विचारतो."

सहज विचारलंत खरं, पण हा प्रश्न नगरच्या इतिहासातलाच आहे. फरक एवढाच की तेव्हा परमुलखात राहणारी माणसं आपण नव्हतो. ती आपल्याकडे आली होती.

१८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये ठाणं उघडलं. या मंडळींनी पुढे काय केलं, ते आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरातच सुरू झालं. सिंथिया फॅरार १८३९ साली मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. म्हणजे नगरच्या मुलामुलींनी कुठं आणि काय शिकायचं, याचा विचार ही माणसं रोज करत होती.

मग त्यांची स्वतःची मुलं कुठं शिकत होती? मला हा प्रश्न बराच उशिरा पडला. मिशनच्या शाळा त्यांच्या बंगल्यांच्या आवारातच होत्या, पण त्यांची मुलं त्या शाळांत बसत नसत. सुरुवातीला आई घरीच शिकवायची. मूल सात-आठ वर्षांचं झालं की पुढचं पाऊल ठरलेलं असायचं. ते म्हणजे अमेरिका.

असं का? एक कारण हवेचं. कॉलरा, ताप, आव यांनी त्या घरांतली लहान मुलं दगावत होती. दुसरं कारण आज वाचताना खटकतं. नोकरांच्या भाषेत आणि आजूबाजूच्या चालीरीतींत आपलं मूल वाढू नये, असं त्या आईबापांना वाटायचं. मराठी शिकून मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्या घरांतही ही भीती होती. तिसरं कारण मात्र अगदी आजचं आहे. येलसारख्या कॉलेजात प्रवेश हवा तर लॅटिन आणि ग्रीक यायलाच हवं. ती तयारी नगरात होणं अवघड. म्हणजे शाळा कुठली हे पुढचं कॉलेज ठरवत होतं.

याची किंमत काय होती, ते ह्यूम कुटुंबाकडे पाहिलं की कळतं. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ साली मुंबईला आले. १८५४ मध्ये अमेरिकेला परत जाताना समुद्रातच वारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट अॅलन, जन्म भायखळ्याचा, १८४७ चा. वडील गेले तेव्हा सात वर्षांचा. आई हॅना यांनी मुलांना अमेरिकेत वाढवलं. रॉबर्ट १८६८ मध्ये येलचा पदवीधर झाला आणि १८७४ मध्ये परत आला. थेट नगरला! पुढची जवळपास पन्नास वर्षं तो इथं होता. दुष्काळातल्या कामाबद्दल त्याला कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालं. धाकटा भाऊ एडवर्डही परतला आणि मुंबईत शाळा चालवू लागला.

ह्यूमांच्या घरात मुलांना आई तरी होती. ज्या घरांत आईबाप दोघंही नगरला आणि मुलं अमेरिकेत, तिथली गोष्ट आणखी कठीण. सुवेझ कालवा १८६९ साली झाला. त्याआधी जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं, चार महिने लागायचे. मुलाच्या तापाची बातमी घेऊन पत्र यायचं, तोवर मूल एक तर बरं झालेलं असायचं, नाहीतर गेलेलं. रजा अनेक वर्षांनी मिळे. आई मुलाला भेटायची तेव्हा ते तिच्या खांद्याला लागलेलं असायचं. बॉस्टनजवळ ऑबर्नडेल गावात एलायझा वॉकर या मिशनऱ्याच्या विधवेने अशा मुलांसाठी घर चालवलं होतं. नातेवाईक नसतील तर मूल तिथं राहायचं.

दुसरी वाट हिल स्टेशनच्या शाळांची. मसुरीजवळ लंढौरला वुडस्टॉक १८५४ पासून होती. आपल्या जवळ पाचगणी. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपियन मुलांसाठी शाळा निघू लागल्या होत्या. नगरहून पाचगणी म्हणजे शेजारच. पण तिथला अभ्यासक्रम इंग्लंडकडे तोंड करून होता. अमेरिकन बापाला वाटायचं, हे शिकून पोरगं बॉस्टनला गेलं तर कुठल्या वर्गात बसवतील? दुबईच्या मेलमधला प्रश्न हाच, नाही का?

तिसरी वाट दक्षिणेतून आली. मदुरेच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्येच कोडाईकनालला घरं बांधली होती. नगरकरांचंही त्या डोंगराशी नातं होतं. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक पक्ष्यांचे अभ्यासक. पलनी डोंगरातल्या एका लाफिंगथ्रश पक्ष्याला १८६९ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' आजही आहे. वडाळ्याच्या माणसाचं नाव तमिळनाडूतल्या पक्ष्याला!

१९०१ मध्ये मार्गारेट एडी यांच्या पुढाकाराने कोडाईला शाळा उघडली, अमेरिकन कॉलेजांची तयारी करून घेणारी. मराठी मिशनच्या घरांतली मुलंही तिथं जाऊ लागली. जायचं कसं? नगरहून दौंड, तिथून मद्रासची गाडी, मग आणखी दक्षिणेला अम्मयनायक्कनूर स्टेशन. पुढे बैलगाडीने डोंगराचा पायथा, आणि वर माणसांच्या खांद्यावरच्या खुर्चीत. अनेक दिवसांचा प्रवास, पण चार महिन्यांचा समुद्र नाही. मेमध्ये आईबाप वर जायचे, हिवाळ्याच्या मोठ्या सुट्टीत मुलं घरी यायची. मूल वर्षातून दोनदा भेटू लागलं. ही त्या काळातली फार मोठी गोष्ट होती.

तीच शाळा पुढे कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल झाली. १९७६ मध्ये आयबी डिप्लोमा घेणारी भारतातली पहिली शाळा हीच. आज पुण्या-मुंबईत आयबीची चर्चा चालते, तिचं एक मूळ मिशनरी आईबापांच्या या पेचात आहे.

आता हिशेब मांडू. दूर पाठवलेली मुलं परकी झाली का? काही झाली असतील, त्यांची नावं आपल्यापर्यंत येत नाहीत. पण बरीच परतली. रॉबर्ट ह्यूमची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला आली आणि बायकांच्या दवाखान्यात काम केलं. तो दवाखाना आज बूथ हॉस्पिटल म्हणून आपल्याला माहीत आहे. फेअरबँकांची मुलंही याच जिल्ह्यात परतली. एडवर्डचा मुलगा, तोही एडवर्डच, १८७६ ला नगरमध्ये जन्मला. डॉक्टर झाला आणि चीनमध्ये चांगशाला रुग्णालय उभारायला गेला.

मला यात एक दिसतं. शाळा कुठली, यावर मूल कुठल्या कॉलेजात जाईल हे ठरलं. ते कुठं परतेल, हे शाळेने ठरवलं नाही. ते घरात काय बोललं जातं, पत्रांत काय लिहिलं जातं, यावर जास्त अवलंबून होतं असं मला वाटतं.

तेव्हा दुबईकर, माझं मत विचाराल तर आधी तीन गोष्टी कागदावर लिहा. मुलीचं पुढचं कॉलेज बहुधा कुठल्या देशात? मध्येच नगरला यावं लागलं तर कुठल्या बोर्डातून इथल्या वर्गात सरळ बसता येईल? आणि घरी मराठी कोण बोलणार? पहिल्या दोन्हींची उत्तरं शाळांच्या ऑफिसात मिळतील. तिसऱ्याचं तुमच्या घरात.

आणि हो, मुलगी रोज संध्याकाळी जेवायला घरी असणार आहे. ह्यूमांच्या हॅनाबाईंच्या काळातल्या आईला एवढं मिळालं असतं, तर तिने शाळेचं नावही विचारलं नसतं.

पुढच्या भागात वडाळ्याला जाऊ. तोवर तुमच्या घरातल्या शाळेच्या गोष्टी कळवा. भेटू.